लहानग्यांच्या हाती कात्री

(साक्षरता वर्गात पालकांपुढे केलेले भाषण)



आज आम्ही तुमच्याशी कात्रीविषयी बोलणार आहोत. नवल वाटले ना? कात्रीत बोलण्यासारखे काय आहे, असे तुमच्या मनात आले असेल. पण थोडे ऐका.

कात्री घरोघर असते. कुणाच्या घरी शिवणाच्या पेटीत, कुणाच्या घरी फळीवर. घरातले लहान मूल तिच्याकडे हात नेते. लगेच आपण ओरडतो, "ठेव ती खाली! बोट कापेल!" मूल दचकते आणि कात्री टाकून पळते. पुन्हा तिला हात लावते ते आपल्या पाठीमागे, चोरून.

मोठी, टोकदार कात्री मुलाच्या हातून काढून घ्यावी, हे बरोबरच आहे. पण तेवढ्यावर थांबू नये. एक लहान, बोथट टोकाची कात्री आणावी. मुलाला जवळ बसवावे. रोज दहा मिनिटे त्याला कागद कापू द्यावा. त्यातून त्याच्या बोटांना जे वळण लागते, ते पुढे पाटीवर आणि वहीवर उपयोगी पडते. एवढीच गोष्ट आम्हांला आज सांगायची आहे. ती का सांगायची, आणि करायची कशी, ते आता पाहू.

बळ वेगळे, वळण वेगळे

तुम्ही नुकतेच लिहायला शिकला आहात. पाटीवर पहिले अक्षर गिरवले तो दिवस आठवा. तुमच्या हातांत बळ काय कमी होते? त्या हातांनी तुम्ही विळा चालवता, दळण करता, धार काढता, विहिरीचे पाणी ओढता. पण पेन्सिल धरली आणि बोटे अवघडली. अक्षर एकीकडे, हात दुसरीकडे. मनगट दुखले. कुणाची पेन्सिल मोडली, कुणाच्या कपाळाला घाम आला. असे का झाले? हातात बळ होते, पण बोटांना ती वाट नवी होती.

मोठ्या माणसाची ही गत, तर चार वर्षांच्या मुलाची काय होत असेल? त्याच्या हातात बळही थोडे आणि वळणही नाही.

शिवाय आणखी एक गोष्ट आहे. आपल्या मनगटात आठ लहान लहान हाडे असतात. मूल जन्मते तेव्हा ती पक्क्या हाडांची नसतात. आपल्या कानाची वरची कड चाचपून पाहा. ती कशी लवचीक लागते! साधारण तसल्याच मऊ वस्तूची ती असतात. म्हणून तान्ह्या बाळाच्या हाताचा क्ष-किरण फोटो काढला, तर मनगटाच्या जागी ही हाडे बहुधा दिसतच नाहीत. पुढे ती एकामागून एक पक्की होत जातात. शेवटचे हाड पक्के व्हायला लागते, तोवर मूल नऊ ते बारा वर्षांचे झालेले असते. हा निसर्गाचा क्रम आहे. आपण घाई केली म्हणून तो बदलत नाही.

आता हे लक्षात न घेता आपण काय करतो? मूल तीन वर्षांचे झाले की त्याच्या हाती पेन्सिल देतो. "गिरव! पानभर काढ!" म्हणतो. अक्षर वाकडे आले की रागावतो. एखादा चापटही मारतो. शेजारच्या मुलाचे अक्षर दाखवतो. पी हळद नि हो गोरी, असे कधी झाले आहे का? मुलाला वाटू लागते, आपल्याला जमतच नाही. शाळेत जाण्याआधीच त्याच्या मनात शाळेची धास्ती बसते. आणि धास्ती बसलेले मूल पुढे शाळा टाळू लागते.

म्हणून आम्ही म्हणतो, आधी बोटे तयार करा, मग पाटी द्या.

ही गोष्ट आजची नव्हे

मुलाचा हात आधी कामात रमवावा, हा विचार जुना आहे. जर्मनीत फ्रोबेल नावाचे शिक्षक होते. त्यांनी १८३७ साली लहान मुलांसाठी खेळांची शाळा काढली. कागदाला घड्या घालणे, कागद कापणे, विणणे, मातीच्या वस्तू करणे, असली कामे त्यांनी मुलांच्या शिक्षणात आणली. बालवाडी ही कल्पना जगभर पसरली, ती तिथून.

आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी हे काम केले. आधी त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर होत्या. मग १९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले. तेव्हा बोर्डी ठाणे जिल्ह्यात होते. आता ते पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.  मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांच्या अंगणात नेऊ, असे या दोघींनी ठरवले. अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी. महागडी साधने विकत घ्यायला पैसा नव्हता. मग शिंपले, बिया, पाने, माती, काड्या हीच त्यांनी साधने केली. मुलांची बोटे त्यांवर चालू लागली.

२ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षांचा काळ हा शिक्षणाचा पाया मानला आहे. या वयात खेळातून आणि हातांनी काम करण्यातून शिकवावे, असे त्यात म्हटले आहे. तेव्हा अंगणवाडीच्या ताईंनी मुलांना कागद कापायला दिला, तर "लिहायला का शिकवत नाही?" म्हणून त्यांच्याशी भांडू नका. त्या लिहिण्याचीच तयारी करून घेत असतात.

कात्रीच का?

तुम्ही विचाराल, बोटे चालवायची तर कात्रीच कशाला? मोबाइलवरही मुलाचे बोट चालतेच की!

चालते, पण एकच बोट. तेही काचेवर नुसते सरकते. त्याला काही दाबावे लागत नाही, काही धरावे लागत नाही.

कात्रीत काय होते ते पाहा. अंगठा, त्याच्या शेजारचे बोट आणि मधले बोट यांनी कात्री उघडायची आणि मिटायची. उरलेली दोन बोटे आत मुडपून हात स्थिर ठेवायचा. पेन्सिल धरायला हीच तीन बोटे लागतात.

दुसरे असे की, दोन हात दोन वेगळी कामे करतात. एक हात कापतो. दुसरा हात कागद धरतो आणि फिरवतो. बैल हाकताना एका हातात कासरा आणि दुसऱ्या हातात रुमणे असते, तसेच हे. लिहिताना एका हाताने वही धरायची आणि दुसऱ्याने लिहायचे, ते इथेच शिकले जाते.

तिसरे, डोळा आणि हात यांची जोडी जमते. डोळा रेघ पाहतो, हात रेघेवर जातो. पुढे ओळीवर अक्षर काढताना हेच लागते. सदऱ्याचे बटण लावणे, नाडीची गाठ मारणे, सुईत दोरा ओवणे, यांतही बोटांची अशीच सफाई लागते.

कात्रीच्या आधी

पेरणीच्या आधी नांगरट. तसे कात्रीच्या आधी काही खेळ द्यावेत. त्यांना पैसा लागत नाही.

भाकरी करताना मुलाला पिठाचा लहान गोळा द्या. तो मळील, लांबवील, चिमटे काढील. काढू द्या. पोळ्याला मातीचे बैल करायला बसवा. मटाराच्या आणि भुईमुगाच्या शेंगा सोलायला द्या. आपला रुमाल आपण पिळू द्या. जुना कागद हातांनी फाडू द्या. फाडतानाही दोन्ही हातांची बोटे कामाला लागतात. स्वयंपाकघरातला हलका, थंड चिमटा देऊन कापसाचे बोळे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायला सांगा. चिमटा मिटणे आणि कात्री मिटणे यांत फारसा फरक नाही.

एक काळजी घ्या. चिंचोके, वाटाणे, शेंगदाणे, मणी अशा बारीक वस्तू लहान मूल तोंडात, नाकात, कानात घालते. घशात अडकले तर जिवावर बेतते. म्हणून असा खेळ चालू असताना मोठ्या माणसाने जवळून हलू नये. अगदी लहान मुलाला तर अशा वस्तू देऊच नयेत.

कात्री कशी असावी

शिंप्याची कात्री मुलाला देऊ नये. ती जड आणि टोकदार असते. दाढीचे पाते तर मुलाच्या दृष्टीसही पडू नये. चार-पाच इंच लांबीची, गोल टोकाची लहान कात्री वह्या-पेन्सिलींच्या दुकानात मिळते.

टोक बोथट असावे, पण धार बोथट असू नये. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. धार नसलेली कात्री कागद कापत नाही, चावते. कागद दोन पात्यांमध्ये वाकून अडकतो. मूल मनगट वाकडे करून जोर लावते. तरी कापत नाही, म्हणून रडते. दोष कात्रीचा आणि बोल मुलाला! म्हणून कात्री आधी आपण चालवून पाहावी. मधला खिळा ढिला असला तरी असेच होते. तो घट्ट करून घ्यावा.

धरावी कशी

आधी मुलाला नीट बसवा. मांडी घालून बसले तरी चालेल. फिरत फिरत कापणे नाही.

वरच्या कडीत अंगठा. खालच्या कडीत मधले बोट. अंगठ्याशेजारचे बोट कडीच्या बाहेर, खालून आधाराला. हात लहान असेल आणि खालच्या कडीत दोन बोटे घातली, तरी हरकत नाही. अंगठा आकाशाकडे हवा. सुरुवातीला मुले हात उलटा करतात आणि अंगठा जमिनीकडे नेतात. त्यांना रागावू नका. अंगठ्याच्या नखावर रंगाचा एक ठिपका द्या आणि म्हणा, "हा ठिपका वर आभाळाकडे बघू दे, बरं का." कोपर अंगाजवळ ठेवायला सांगा.

कागद धरणाऱ्या हाताचाही अंगठा वरच असावा. वळण आले की कात्री फिरवायची नाही, कागद फिरवायचा.

आणखी एक खूण. तुम्ही अडकित्त्यात सुपारी कुठे धरता? खिळ्याच्या बाजूला, आत. टोकाशी धरली तर फुटत नाही. कात्रीतही कागद असाच आत सरकवावा. मुलाला समजेल अशा भाषेत सांगा, "कात्रीचं तोंड उघड. मोठा घास घे. आता तोंड मीट."

पायरी पायरीने

आता कापायचे काय? पहिल्या दिवशी वर्तमानपत्र देऊ नका. तो कागद पातळ असतो आणि लोंबतो. थोडा जाड कागद बरा. घरात जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतात. वरचे गणपतीचे चित्र काढून देव्हाऱ्याजवळ ठेवा आणि उरलेला कागद मुलाला द्या. वापरलेल्या वह्यांचे पुठ्ठे, साबणाची आणि चहाची रिकामी खोकीही चालतात.

पहिली पायरी : चावे. अंगठ्याएवढ्या रुंदीची लांब पट्टी आपण कापून द्यावी. मुलाने तिचे तुकडे करावेत. एकदा कात्री मिटली की एक तुकडा पडला पाहिजे. अडीच-तीन वर्षांच्या पुष्कळ मुलांना एवढे जमते. तुकडे वाटीत साठवावेत.

दुसरी पायरी : गवत. तळहाताएवढा कागद घ्यावा. त्याच्या कडेला जवळजवळ चिरा द्याव्यात, पण कागद तोडायचा नाही. उभा धरला की गवत दिसते. कुठे थांबायचे, हे मूल यातून शिकते.

तिसरी पायरी : रस्ता. कागदावर बोटाएवढी जाड सरळ रेघ काढा. "हा आपल्या गावाचा रस्ता. गाडी रस्त्याबाहेर जाऊ देऊ नकोस," असे सांगा. कात्री पूर्ण न मिटता पुढे पुढे न्यायची. चारएक वर्षांची मुले हे करू लागतात. जमू लागले की रेघ बारीक करत जा.

चौथी पायरी : वळणाची वाट आणि भाकरी. आधी नागमोडी रेघ, मग गोल. वाटी उपडी ठेवून भोवती रेघ काढली की झाली भाकरी. गोल कापून झाला की त्याच्याच आत कडेपासून मध्यापर्यंत गोगलगाईच्या शंखासारखी रेघ काढा. त्या रेघेवर कापले की लांब साप होतो. तो दोऱ्याने टांगा. वाऱ्यावर गरगर फिरतो. मुलांना त्याचा फार आनंद होतो.

पाचवी पायरी : कोपरे. चौकोन आणि त्रिकोण. कोपऱ्यावर थांबायचे, कागद फिरवायचा आणि पुन्हा निघायचे. पाच-सहा वर्षांपर्यंत हे जमते.

ही वये साधारण सांगितली. एखादे मूल लवकर शिकते, एखादे उशिरा. एकाच झाडाचे आंबे तरी एकाच दिवशी कुठे पिकतात?

सणाला मुलाचा हात

या पायऱ्या चढलेल्या मुलाला खरे काम द्या. खऱ्या कामाची गोडी वेगळी असते.

पताका : चौकोनी रंगीत कागद कोपऱ्याला कोपरा लावून दुमडा. घडीवर कापा. दोन त्रिकोण झाले. त्यांची लांब कड सुतळीवरून दुमडून चिकटवा. गणपतीला, पंधरा ऑगस्टला माळा तयार.

कंदील : एक लांबट कागद घ्या. लांबीच्या बाजूने मधोमध दुमडा. दुमडीकडून उघड्या कडेकडे चिरा द्या. दोन चिरांमध्ये बोटभर अंतर असू द्या. उघड्या कडेच्या दोन बोटे अलीकडे थांबा. मग कागद उलगडा, चिरा उभ्या राहतील असा गोल वळवा आणि दोन टोके चिकटवा. वरून थोडे दाबले की पट्ट्या बाहेर फुगतात. वर धरायला एक पट्टी, खाली झिरमिळ्या. झाला कंदील. मात्र कागदाच्या कंदिलात पेटता दिवा कधीही ठेवू नका.

चिकटवायला डिंकाची बाटली नसली तरी अडत नाही. दोन चमचे गव्हाचे पीठ वाटीभर पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा आणि मंद आचेवर शिजवा. घट्ट झाले की खळ तयार. चुलीजवळचे हे काम मोठ्यांनीच करावे. गार झाली की मुलाला द्यावी.

घडी घालताना मूल अर्धा म्हणजे काय, पाव म्हणजे काय, हे हातांनी शिकते. पुढे गणितात हेच अपूर्णांक त्याला भेटतात, तेव्हा ते परके वाटत नाहीत.

डावखुरे मूल

काही मुले डाव्या हाताने कापतात. दहा माणसांत साधारण एक डावखुरा असतो. हा दोष नव्हे. हात बांधून ठेवणे, हातावर मारणे, हे पाप करू नका.

पण एक गोष्ट समजून घ्या. बाजारात मिळणारी नेहमीची कात्री उजव्या हातासाठी केलेली असते. उजव्या हाताने मिटताना तिची पाती एकमेकींवर दाबली जातात. तीच कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकींपासून दूर होऊ पाहतात. कागद कापला जात नाही, नुसता वाकतो. शिवाय वरचे पाते रेघ झाकून टाकते. मूल वेंधळे नसते, कात्री त्याच्या हाताची नसते. डाव्या हाताची कात्री मिळते. तालुक्याच्या गावी किंवा शहरात कुणी जाणार असेल, तर मुद्दाम मागवा.

लोक काय म्हणतात

आम्ही हे सांगितले की लोक तीन-चार गोष्टी काढतात. त्यांची उत्तरेही देऊन टाकतो.

एक आजी म्हणाल्या, "गुरुजी, रिकामी कात्री वाजवली की घरात भांडणं होतात."

आम्ही म्हणालो, "आजी, मग रिकामी वाजवू नका. कागद घालून वाजवा!" आजी हसल्या. कात्री हे खेळणे नाही, असे मुलांना सांगण्यासाठीच कुणा जाणत्याने ही म्हण काढली असेल, असे आम्हांला वाटते. तेवढा अर्थ घ्यावा.

एक शेतकरी म्हणाले, "आमच्या पोराला काय शिंपी करायचाय?"

आम्ही विचारले, "द्राक्षाची छाटणी कशानं करता? कलम कशानं बांधता? डॉक्टर टाके कशानं घालतो?" सगळे बोटांनीच. बोटे हुशार असली की कुठल्याही धंद्यात उपयोगी पडतात. आणि शिंप्याचा धंदा काय कमी आहे?

आणखी एक जण म्हणाले, "हे बायकांचं काम. मुलींना शिकवा." मुलगा असो वा मुलगी, मनगट सारखेच, बोटे सारखीच. संध्याकाळी बाप दहा मिनिटे मुलाजवळ बसला, तर त्याचा मान कमी होत नाही. आजोबा बसले तर त्यांचाही वेळ बरा जातो.

"घरभर कचरा होतो," असेही सांगतात. खरे आहे. एक जुना कपडा अंथरा. कापून झाले की मुलानेच तुकडे उचलायचे. चिमटीने तुकडे उचलणे हाही बोटांचा व्यायामच आहे.

एका मुलाची गोष्ट

आम्ही शाळेत होतो तेव्हाची गोष्ट आहे. पहिलीच्या वर्गात एक मुलगा होता. बोलायला चुणचुणीत. गोष्ट सांगावी तर त्यानेच. पण पेन्सिल धरली की त्याची मूठ आवळे. अक्षर ओळीत बसत नसे. पाटी पुसून पुसून ओली होई. मुले त्याला हसत. दिवाळीनंतर तो येईनासा झाला. घरी चौकशी केली. वडील म्हणाले, "त्याला काय यायचं नाही, मास्तर. शेरडं राखील."

आम्ही म्हणालो, "महिनाभर धाडा. लिहायला लावणार नाही. सव्वीस जानेवारीच्या पताका करायच्या आहेत. त्याला हाताशी घेतो."

मुलगा आला. पहिले दिवस नुसत्या पट्ट्या कापल्या. वाकड्या-तिकड्या झाल्या, पण पताकांच्या माळेत वाकडी पताका कुणाला दिसते? मग तो त्रिकोण कापू लागला. सव्वीस जानेवारीला शाळेच्या दारावर माळ लागली. त्याने वडिलांना हात धरून आणले आणि आपल्या पताका बोटाने दाखवल्या. पुढे पेन्सिल धरताना त्याची मूठ हळूहळू सुटली. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत त्याचे नाव ओळीवर आले.

हे सारे कात्रीनेच झाले, असे आम्ही म्हणणार नाही. त्याचे वयही वाढत होते. वर्गातल्या बाईंनीही मायेने शिकवले. पण 'मला जमते' हे त्याला पहिल्यांदा कळले ते कापताना. ते कळले नसते तर तो शेरडांमागे गेला असता. अक्षर वाईट म्हणून मूल ढ ठरते, आणि ढ ठरले म्हणून शाळा सोडते. ही साखळी कुठे तरी तोडली पाहिजे.

केव्हा दाखवावे

एखादे मूल पाच वर्षांचे झाले तरी घास नीट उचलत नाही, एका हाताचा वापरच टाळते, हात फार थरथरतो, किंवा वस्तू डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन पाहते. असे असेल तर मुलाला आळशी म्हणू नका आणि अंगारे-धुपारेही करत बसू नका. डोळ्यांत किंवा हातात दोष असू शकतो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलांना तपासायला येते. अंगणवाडीच्या ताईंना त्याची तारीख विचारा. तोवर थांबवत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. लवकर दाखवले तर उपाय लवकर होतो.

हे नियम पाळा

१. कापताना मोठे माणूस जवळ हवे. भाकरी थापता थापता लांबून लक्ष ठेवणे पुरेसे नाही.

२. बसूनच कापायचे. कात्री घेऊन धावायचे नाही.

३. कात्री दुसऱ्याला देताना मिटलेली पाती आपल्या मुठीत धरायची आणि कड्या पुढे करायच्या.

४. फक्त कागद कापायचा. केस, कपडे, विजेची वायर, शेळीचे कान यांना कात्री लावायची नाही.

५. काम झाले की कात्री मोठ्यांच्या हाती द्यायची. मोठ्यांनी ती उंच जागी ठेवायची.

६. रोज दहा मिनिटे पुरे. मूल कंटाळण्याआधी थांबावे, म्हणजे उद्या ते आपण होऊन मागेल.

७. मुलाचे काम आपण हातात घेऊन सरळ करू नये. वाकडे असले तरी त्याचेच असू द्यावे आणि भिंतीला लावावे.

मंडळी, आम्ही काही मोठे मागत नाही. एक लहान कात्री, घरातला रद्दी कागद आणि दिवसाकाठी तुमची दहा मिनिटे. शेतातून दमून आल्यावर ही दहा मिनिटेही जड वाटतात, हे आम्हांला ठाऊक आहे. पण तुम्ही स्वतः दिवसभर राबून या वर्गाला येता. पाटीवर हात चालवताना किती कष्ट पडतात, ते तुम्हांला कळले आहे. तेवढे कष्ट आपल्या मुलाला पडू नयेत, असे कुणाला वाटणार नाही?

येत्या बाजारी आठवणीने कात्री आणा. आणि या दिवाळीला दारात जो कंदील लागेल, त्याच्या झिरमिळ्या तरी तुमच्या मुलाने कापलेल्या असू द्या.



प्रश्न

१. मुलाच्या कात्रीचे टोक कसे असावे? धार कशी असावी?

२. वळणावर कात्री फिरवावी की कागद?

३. कात्री दुसऱ्याला कशी द्यावी? करून दाखवा.

४. डावखुऱ्या मुलाला नेहमीच्या कात्रीने कापता का येत नाही?